एकाच दवाखान्याबद्दल दोन मतं का?

तुम्ही विचारलंय की गोव्यात डिचोलीतल्या एकाच दातांच्या दवाखान्याला शेजारच्या काकू नावाजतात आणि तुमचे मेहुणे नावं ठेवतात, तर आईच्या दाढेच्या रूट कॅनलसाठी भरवसा कोणावर ठेवायचा. फोंड्यात दातांच्या डॉक्टरांची मदतनीस म्हणून मी १९ वर्षं खुर्चीशेजारी उभी राहतेय. माझ्या मते ते दोघंही खरंच बोलत असतील.

पेशंटला आपल्या दाढेतलं काम दिसत नाही. मुळांतल्या नळ्या टोकापर्यंत साफ झाल्या की नाही हे डॉक्टर एक्स-रेत बघतात. आ वासून पडलेल्या माणसाला कळतं ते वेगळंच. काय करणार ते आधी सांगितलं का, दुखलं तेव्हा थांबले का, बोललेलेच पैसे घेतले का. अमेरिकेतल्या नॉर्मन कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दातांच्या पेशंटचं समाधान मोजायला १० विधानांची प्रश्नावली केली. तिचे तीन भाग आहेत: माहिती देणं, समजून घेणं आणि हाताचं कसब. त्यातले दोन बोलण्या-ऐकण्याचेच, आणि मला रोज दिसतं तेही तसंच आहे.

मागच्या थंडीत सावईवेऱ्याच्या एक बाई आल्या होत्या. खालची दाढ ठणकत होती, गाल सुजलेला. भुलेचं इंजेक्शन दिलं, थोड्या वेळाने डॉक्टरांनी विचारलं, "ओठ जड झाला?" बाईंनी मान हलवली. पण माझं लक्ष त्यांच्या मुठीकडे गेलं. पदराचा शेव इतका आवळलेला की बोटं पांढरी पडली होती. मी डॉक्टरांना खूण केली. ते थांबले, खुर्ची सरळ केली आणि म्हणाले, "दाढ अशी सुजली की भूल लवकर चढत नाही, यात तुमचं काही चुकलं नाही. डावा हात वर केलात की मी थांबणार." पुन्हा भूल दिली. बाईंनी दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा मशीन बंद झालं. जाताना म्हणाल्या, "दुखलें, पूण बरें केलें." नंतर त्यांनी वाड्यावरची तीन माणसं आमच्याकडे धाडली.

दुखलं नाही म्हणून नव्हे हो, थांबले म्हणून!

उलट अनुभव माझा स्वतःचा आहे. या धंद्यात यायच्या आधी एका ठिकाणी मी माझ्या दाढेचं रूट कॅनल करून घेतलं. पैसे सांगितले ते फक्त रूट कॅनलचे. नंतर दाढेवर बसवायच्या कॅपचे वेगळे, हे कळलं शेवटच्या दिवशी. दाढ आजही ठणठणीत आहे, पण त्या दवाखान्याची पायरी मी पुन्हा चढले नाही. तुमच्या मेहुण्यांचं असंच काही झालं असेल का, ते विचारून बघा. बरीचशी नाराजी अशीच असते, काम चोख आणि बोलणं अर्धवट.

भाषेचंही तेच. कोकणी-मराठी बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला इंग्रजीतून समजावलं तर तो सगळ्याला हो म्हणतो आणि घरी जाऊन घाबरतो. चावताना दोन-चार दिवस दुखेल हे त्याच्या भाषेत आधी सांगितलं असेल, तर तो ते सोसतो. सांगितलं नसेल, तर तेच दुखणं डॉक्टरची चूक ठरते.

बांबोळीच्या डेंटल कॉलेजचंही तुम्ही विचारलंय. १९८० पासूनचं ते सरकारी कॉलेज. तिथे विद्यार्थी काम करतात, शिक्षक तपासतात, म्हणून वेळ लागतो, फेऱ्याही होतात. हे ठाऊक असलेला माणूस समाधानाने परततो. दुपारच्या बसने घरी जेवायला यायचं असं ठरवून गेलेला वैतागतो. माझं मत विचाराल तर आईंना तासन् तास बसवत असेल आणि सोबत कोणी असेल, तर जरूर न्या.

कुठेही गेलात तरी पहिल्या दिवशीच विचारा: एकूण किती फेऱ्या, कॅप धरून किती पैसे, आणि दुखलं तर कसं सांगायचं. या प्रश्नांवर कपाळाला आठ्या घालणाऱ्या डॉक्टरकडे मी माझ्या आईला नेलं नसतं. आणि आईंच्या रोजच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती मुद्दाम दाखवा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद मात्र करू नका.