बार्शी लाइटचे स्थानक फोटोत खेळण्यासारखे का दिसते?

बार्शी लाइट या जुन्या अरुंद मार्गाच्या रेल्वेवरील एका खेडेगावच्या स्थानकाची प्रतिकृती आपण १:८७ प्रमाणात, एकमेकांपासून नऊ मिलिमीटरवर असलेल्या रुळांवर उभारली आहे; समोर उभे राहून पाहताना ती समाधान देते, फोटोत मात्र खेळण्यासारखी दिसते, आणि दोष कॅमेऱ्याचा की गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोष या दोहोंचाही नाही. जे डोळा सवयीने माफ करतो, ते कॅमेरा माफ करत नाही, इतकेच.

गेजची चिंता सोडून द्यावी. बार्शी लाइटचे खरे गेज ७६२ मिलिमीटर; त्याला ८७ने भागले की ८.७६ येतात, म्हणजे आपला मार्ग जेमतेम पाव मिलिमीटरने रुंद आहे. त्या बदल्यात एन गेजच्या, म्हणजे नऊ मिलिमीटर मार्गाच्या मॉडेल रेल्वेच्या, तयार यंत्रणा वापरता येत असतील तर ही तडजोड मी आनंदाने करतो. (ब्रॉडगेजची गोष्ट निराळी. १६७६ मिलिमीटरचा मार्ग याच प्रमाणात बाजारातल्या १६.५ मिलिमीटर रुळांवर बसवला, तर तो पावणेतीन मिलिमीटरने अरुंद होतो आणि इंजिनाचा तोंडवळाच बिघडतो.)

खरी अडचण रुळाच्या उंचीची आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा १८९७ साली सुरू झालेला मार्ग आखताना कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येणार नाही अशी गाड्यांची रचना केली, आणि म्हणूनच तिथे हलके रूळ चालले. तशा रुळाची उंची सुमारे तीन इंच, म्हणजे आपल्या प्रमाणात एक मिलिमीटरहूनही कमी. आपला कोड ५५चा रूळ (कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत रुळाची उंची) १.४ मिलिमीटर उंच आहे. प्रत्यक्षात तो १२२ मिलिमीटर भरेल आणि मेन लाइनचा वाटेल. कोड ४० घ्यावा, तांब्याचा थर असलेल्या पट्ट्यांच्या स्लीपरांवर तो सोल्डर करावा, आणि शॉर्ट सर्किट होऊ नये म्हणून प्रत्येक स्लीपरच्या तांब्यात मधोमध खाच पाडावी. सोल्डर बेताचेच हवे, नाहीतर चाकांच्या खोल कडा त्याच्या गोळ्यांवर आपटत जातात.

जाडीचा हाच हिशेब सगळीकडे लावावा. मी माझ्या पहिल्या स्थानकाचे छप्पर एक मिलिमीटर पुठ्ठ्याचे केले होते. फोटोत पाहिल्यावर लक्षात आले की मी ८७ मिलिमीटर जाडीचा पत्रा घातला आहे. आता छपराला मी पातळ फॉइलच वापरतो, आणि आतला आधार कडेपासून मागे ठेवतो.

जमिनीसाठी काळी माती वस्त्रगाळ करून, चुंबक फिरवून लोहकण काढूनच वापरावी, कारण ते कण इंजिनाच्या मोटरमध्ये शिरतात. डिंक वाळल्यावर माती आणखी काळवंडते, म्हणून वरून फिक्या धुळीचा हलका हात द्यावा. सोलापूरकडच्या उन्हाळ्यातले आभाळ पांढुरके असते. मागचा पडदा गडद निळा रंगवला की सगळेच खोटे वाटू लागते.

आता कॅमेरा. आपले फोटो वरून काढलेले आहेत. फलाटावर उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून १.६ मीटरवर, म्हणजे आपल्याकडे १८ मिलिमीटरवर असतात. मोबाइल उलटा धरावा. लेन्स खाली येते आणि ती उंची जवळजवळ साधते. दिवा एकच ठेवावा आणि शक्य तितका दूर, कारण दोन दिव्यांच्या दोन सावल्या पडतात आणि सूर्य तर एकच आहे. इतक्या जवळून सगळे स्पष्ट हवे असेल तर मोठ्या कॅमेऱ्यावर लेन्सचे छिद्र (एफचा आकडा मोठा तितके ते लहान) एफ २२पर्यंत लहान करू नये, त्याने चित्र मऊ पडते. एफ ८वर फोकस थोडा थोडा सरकवत दहा-बारा फोटो घ्यावेत आणि सॉफ्टवेअरने जोडावेत.

हे फोटो काम संपल्यावर नव्हे, काम चालू असतानाच काढावेत. आपल्या मालधक्क्याचे छप्पर अजून चिकटवलेले दिसत नाही. चिकटवण्यापूर्वी ते नुसते ठेवून त्या १८ मिलिमीटरवरून एकदा पाहावे.