कत्तल थांबवायला दुसऱ्या देशाने सैन्य पाठवणं नैतिक आहे का?

तुम्ही विचारलंय, एखादं सरकार आपल्याच लोकांना मारत सुटलं असेल तर शेजाऱ्याने सैन्य घुसवावं का, आणि त्यात त्याचा स्वार्थ असेल तर?

घुसवावं, स्वार्थ असला तरी. निव्वळ पुण्य कमवायला कुणी रणगाडे बाहेर काढत नाही. १९७१च घ्या. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात कत्तल सुरू झाली, पुढच्या महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पाकिस्तानचे दोन तुकडे आपल्याला नको होते असं थोडंच आहे! डिसेंबरात आपलं सैन्य घुसल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदी आणि माघारीच्या बाजूने १०४ मतं पडली, विरोधात ११. म्हणजे जगाच्या लेखी आपण चुकीचे. पण कत्तल थांबली, लोक घरी परतले आणि मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्य तिथून निघालं. हेतूपेक्षा मी हे बघतो.

आणि जीव कुणाचा जातो, हेही. आमच्या नागपूरला खेटून कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. त्याच रेजिमेंटच्या '१४ गार्ड्स' या बटालियनचे लान्स नायक अल्बर्ट एक्का, झारखंडातल्या गुमल्याकडचे आदिवासी. १९७१च्या युद्धात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गंगासागरच्या लढाईत जखमी होऊनही पुढे सरकत राहिले. दुमजली इमारतीतून मशीनगन चालू होती; त्यांनी आत ग्रेनेड टाकला, भिंत चढून वर गेले, संगीन चालवली आणि ती बंद पाडली. तिथेच गेले. परमवीर चक्र मिळालं, पण मरणोत्तर. दिल्लीत निर्णय घेणाऱ्यांपैकी कुणालाही ती भिंत चढायची नव्हती.

लिबियात २०११ साली नाटोचे देश ही किंमत टाळायला गेले. विमानांनी बेनगाझी शहर हुकूमशहा गद्दाफीच्या फौजेपासून वाचवलं, मग मोहीम गद्दाफीलाच हटवण्याकडे सरकली, आणि तो गेल्यावर गल्लोगल्ली बंदूकवाल्या टोळ्यांचं राज्य. या कारवाईला मुभा देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, ते मला पटतं. श्रीलंकेत तर आपण शांतता राखायला गेलो आणि ज्यांना शस्त्रं खाली ठेवायला लावणार होतो त्या एलटीटीईच्या तमिळ बंडखोरांशीच लढत बसलो. सुमारे १,२०० जवान गेले. सैन्य १९९० मध्ये परत आलं खरं, म्हणजे माझा वरचा निकष एकटा पुरत नाही. कुणाला कुणापासून वाचवायचंय हे जाण्याआधीच ठरलेलं लागतं.

रवांडात ते स्वच्छ दिसत होतं. एप्रिल १९९४ मध्ये तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजाची कत्तल चालू असताना सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना सुमारे २,५०० वरून २७० वर आणायचं ठरवलं. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. 'त्यांचा अंतर्गत मामला' म्हणून तेव्हा हात झटकणाऱ्यांना नैतिक म्हणायची माझी तयारी नाही.