नहपानाच्या जावयाचा हिशोब वर्गात मांडून पाहा

तुमची अडचण अशी, की नववी-दहावीच्या मुलांना सनावळ्या आणि 'कारणे लिहा' यांच्या पलीकडे नेऊन इतिहासकारासारखा विचार करायला कसं शिकवायचं. वर्गात साठ मुलं, तास ३५ मिनिटांचा आणि वर बोर्डाचा पोर्शन. नाशिकमध्ये २६ वर्षं इतिहास शिकवून मी एका गोष्टीपाशी आले आहे. मुलांच्या हातात मूळ लेख द्या आणि त्यातलं कुठलं वाक्य मानायचं, कुठलं नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. आपण नववीला 'इतिहासाची साधने' शिकवतो. भौतिक, लिखित, मौखिक असे प्रकार मुलांना पाठ असतात, पण एकही साधन त्यांनी नीट वाचलेलं नसतं. मीही कितीतरी वर्षं तसंच शिकवलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

सुरुवात पांडवलेण्यापासून, म्हणजे नाशिकजवळच्या बौद्ध लेण्यांपासून करा. दहा क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. हा क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई. एका लेखात तो सांगतो की आपण तीन लाख गाई दान दिल्या, सोळा गावं दिली, वर्षाला लाखभर ब्राह्मणांना जेवू घातलं. दुसऱ्या लेखात म्हणतो की गोवर्धनमधल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिकांच्या संघाकडे) २००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे.

या दोन्ही मजकुरांचा मराठी अनुवाद एका कागदावर छापा आणि सहा-सहा मुलांत एक कागद द्या. मग एकच प्रश्न विचारा: यातलं काय खरं मानाल? पहिली दहा मिनिटं 'सगळं खरं' आणि 'सगळं खोटं' असे दोन तट पडतात. पडू द्या, मध्ये बोलू नका. एखादा गट आकडेमोड करायला लागेपर्यंत थांबा, आणि कुणीच केली नाही तर फळ्यावर फक्त २००० लिहा. महिन्याला २० म्हणजे वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले १२, तेही २४०! हिशोब जुळल्यावर वर्ग कसा शांत होतो ते मी दरवर्षी पाहते, आणि दरवर्षी तितकाच आनंद होतो.

खरा तास इथून सुरू होतो. गाईंचा आकडा कोण मोजायला येणार होतं? पण ठेवीचा आकडा खोटा असता तर विणकरांना आणि भिक्षूंना लगेच कळलं असतं. लिहिणारा कोण, कुणासाठी लिहितो आहे, आणि खोटं पकडू शकेल असं माणूस समोर होतं का, हे तीन प्रश्न मुलं इथे स्वतः शोधतात. फळ्यावर आधी लिहून दिले तर तेही पाठच करतात.

दुसऱ्या तासाला तीन क्रमांकाच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख घ्या. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. मुलाने क्षहरात वंश (नहपानाचा वंश) निःशेष केला, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं, असं ती म्हणते. लेख मुलाच्या काळातला नाही. नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी कोरलेला आहे. आईने इतक्या वर्षांनी लिहिलेलं कितपत धरायचं? मुलं बहुतेक वेळा 'आईच ती, कौतुक करणारच' म्हणून लेख बाजूला सारतात. तेव्हा जोगलटेंभी पुढे आणा. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ साली चांदीची १३ हजारांहून अधिक नाणी सापडली, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. आईच्या एका दाव्याला नाण्यांनी साक्ष दिली. तीन समुद्रांना मात्र ती मिळत नाही. एकाच लेखातलं एक वाक्य भक्कम आणि दुसरं डळमळीत असू शकतं, हे मुलांना इथे उमगतं.

पुढचा टप्पा काळाराम मंदिराचा. तो घाईने घेऊ नका. २ मार्च १९३० ला नाशिकच्या या मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांना काय हवं होतं असं विचारलं की मुलं 'देवाचं दर्शन' म्हणतात. मग मार्च १९३४ मध्ये त्यांनी आपले सहकारी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेल्या पत्राचा अनुवाद वाचायला द्या. दलितांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून आपण ही चळवळ केली नाही, समाजाला जागं करण्याचा तो उत्तम मार्ग वाटला म्हणून केली, आणि आता शक्ती शिक्षण व राजकारणाकडे वळवावी, असा त्याचा आशय. यावर एका मुलीने मला विचारलं होतं, "बाई, पत्र चार वर्षांनंतरचं आहे ना? मग तीसमध्येही त्यांच्या मनात हेच होतं कशावरून?" तिला मी उत्तर दिलं नाही, १९३० मधली त्यांची भाषणं शोधायला सांगितली. हा विषय वर्गातल्या काही मुलांच्या घरचा असतो. त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या आठवणी साधन म्हणून आदराने ऐका, पण त्या मुलांना सगळ्यांच्या वतीने बोलायला लावू नका.

पोर्शनचं म्हणाल तर या सगळ्याला पाच-सहा तास लागतात. ते जून-जुलैतच काढा. दहावीचे इतिहासलेखनाचे पहिले दोन धडे मुलांना नंतर परके वाटत नाहीत, तिथे वेळ भरून निघतो.

पांडवलेण्याची सहल पाऊस संपल्यावर काढा, पायऱ्या निसरड्या असतात. आणि वर गेल्यावर दहा क्रमांकाचं लेणं आधी दाखवा, तीन क्रमांकाचं नंतर. आईचा लेख आधी वाचला, तर क्षहरातांबद्दलचं मत घेऊनच मुलं उषवदाताकडे जातात.