सापळ्यात नर येतात, मग अंडी कोण घालतं?

प्रश्न : नमस्कार सर. माझी चार एकर पऱ्हाटी (कपाशी) आहे. गुलाबी बोंडअळीसाठी आठ कामगंध सापळे लावले. पहिले पंधरा-वीस दिवस पतंग सापडले, आता दीड महिना झाला तर पिशव्या रिकाम्या. बोंड फोडलं की आत अळी आहेच. साळा म्हणतो, सापळ्यात नुसते नर येतात, अंडी तर मादी घालते. वरून शेजाऱ्याचे पतंग तुझ्या वावरात ओढले जातात. खरं काय?
– एक वाचक, वणी, जि. यवतमाळ

उत्तर : साळा अर्धा बरोबर आहे. सापळ्यात येतात ते नरच, कारण सापळ्यात लावलेल्या गोळीत असतो तो मादीचा वास. ही मादी रात्री उशिरा पोटाच्या टोकाची ग्रंथी बाहेर काढून बसते आणि दोन रसायनांचं जवळपास समसमान मिश्रण वाऱ्यावर सोडते. नर वाऱ्याच्या उलट दिशेनं येतो. वास तुटला की आडवा-तिडवा फिरतो, पुन्हा लागला की पुढे सरकतो. असा वास पहिल्यांदा ओळखला तो रेशमाच्या पतंगाचा, १९५९ साली जर्मनीत. रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांना त्यासाठी सुमारे पाच लाख माद्या लागल्या होत्या. आपल्याला ती गोळी दुकानात पुडीत मिळते, म्हणून तिचं काही वाटत नाही.

नोकरीत असताना एकदा उघडी गोळी मी शर्टाच्या खिशात विसरलो. शर्ट पडवीत खुंटीला, आणि रात्री खिशाभोवती चार-पाच करडे पतंग फडफडताहेत. घरून जे ऐकावं लागलं ते इथे छापण्याजोगं नाही.

आता मुद्दा. एक नर अनेक माद्यांना पुरतो. दहातले सात नर पकडलेत तरी उरलेले तीन काम भागवतात. त्यामुळे एकरी दोन सापळे म्हणजे थर्मामीटर. त्यानं ताप कळतो, उतरत नाही. ‘सापळे लावा, फवारणी विसरा’ असं सांगणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. सलग तीन रात्री, दर रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, तर उपाय करायची वेळ झाली असं समजायचं.

शेजाऱ्याचे पतंग आले तरी येतील ते नरच, आणि नर अंडी घालत नाही. तेवढी भीती सोडा.

तुमच्या पिशव्या रिकाम्या आहेत त्या बहुतेक गोळी वाळल्यामुळे. गोळी तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते, तुमची दीड महिन्याची झाली. शून्य पतंग म्हणजे वावरात पतंग नाहीत, असं धरू नका. आणि बोंडात अळी दिसल्यावर सापळ्याकडे बघत बसण्यात अर्थ नाही. एकरातून इकडून-तिकडून वीस हिरवी बोंडं तोडून फोडा. दोन किडकी निघाली की फवारणीचं ठरवा. डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही पुढे राखलेली पऱ्हाटी, ठेवू नका, पुढच्या वर्षीची अळी तिथेच पोसली जाते.

नवी गोळी लावताना हात कोरडे, स्वच्छ हवेत. तंबाखू मळलेल्या हातानं तर मुळीच नको, साळ्यालाही सांगा. उरलेल्या गोळ्या पाकीट न फोडता फ्रिजमध्ये ठेवा, पण खाण्याच्या डब्यांपासून दूर.