कारंजं दिवसा नको, रात्री चालवा

प्रश्न : आमच्या वसाहतीतल्या तळ्याचं पाणी दाट हिरवं झालंय. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडमीट करतात, ऊन चढलं की पुन्हा नीट पोहतात. दोन दिवस आभाळ भरून होतं, तेव्हा मात्र बरेच मेले. कारंजं रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा चालू असतं, तरी असं का?

उत्तर : कारंजाची वेळच उलटी आहे. हिरवं पाणी म्हणजे सूक्ष्म शेवाळ. उन्हात ते प्राणवायू सोडतं. अंधारात मात्र मासे आणि जिवाणूंबरोबर तेही प्राणवायू वापरतं. त्यामुळे पाण्यात विरघळलेला प्राणवायू सूर्योदयाच्या जरा आधी सर्वांत कमी असतो. दुपारी लिटरमागे 12 मिलिग्रॅम दाखवणाऱ्या तळ्यात पहाटे 2 च उरू शकतो, आणि 3 च्या खाली बहुतेक मासे संकटात येतात. ढगाळ दिवशी कमाई कमी आणि रात्रीचा खर्च तेवढाच. त्यात ऊबदार पाण्यात तो मुळातच कमी मावतो : 20 अंशांना सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात.

भर दुपारी अशा पाण्यात प्राणवायू एरवी मावतो त्यापेक्षाही जास्त साठलेला असतो. तेव्हा कारंजं उडवलं तर उलट तोच हवेत निघून जातो. रात्री दहा ते सकाळी आठ चालवा. मासे वर येत असतील त्या दिवशी खाद्य बिलकूल टाकू नका. शेवाळ मारायचं औषध तर नकोच. एकदम मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकतं.

कारंजाऐवजी तळातून बुडबुडे सोडणारं यंत्र बसवणार असाल तर जपून. खोल तळ्यात उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू नसलेलं पाणी वेगळा थर धरून असतं. ते एकदम वर आलं तर एका दिवसात सगळे मासे जातात. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग रोज दुप्पट, असं वाढवत न्या.

एक खूण लक्षात ठेवा. प्राणवायू कमी पडला की सहसा मोठे मासे आधी मरतात आणि तेही पहाटे. लहानमोठे सगळे भर दुपारी मरू लागले, तर पाण्यात बाहेरून काही विषारी आलंय का ते शोधा.

प्रश्न : जलपर्णी दोनदा पूर्ण काढली. काढलेला ढीग काठावरच आहे. महिन्याभरात तळं पुन्हा झाकलं. फवारणी करावी का?

उत्तर : ढीग काठावर ठेवलात तिथेच घोळ झाला. जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं. ती कुजली की तिच्यातला नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) ओघळून परत तळ्यात येतो. ढीग अशा जागी हलवा, जिथून उताराचं पाणी तळ्याकडे येत नाही. काढणीही फुलोऱ्याआधीच व्हायला हवी, कारण बी गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतं आणि पाणी ओसरून काठ उघडा पडला की उगवतं.

अनुकूल हवेत ही वनस्पती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. म्हणून मोठ्या मोहिमेनंतर दर आठवड्याला हाताने सुटी रोपं वेचणं, हेच खरं काम. वारा ती एका कडेला ढकलतो. तिथे तरंगता अडथळा बांधला तर वेचणं सोपं जातं. फवारणी टाळा. करावीच लागली तर एका वेळी एकतृतीयांश भागावर, आणि मेलेली झाडं लगेच बाहेर.

आणि सांडपाणी कुठून येतंय ते शोधा. 1973 मध्ये कॅनडात 226 क्रमांकाच्या सरोवराचे पडद्याने दोन भाग केले होते. दोन्हीत कार्बन आणि नत्र घातला, स्फुरद फक्त एकात. शेवाळाने हिरवं झालं ते स्फुरदाचंच पाणी. जलपर्णीलाही हेच खाद्य लागतं. ते आणणारा सांडपाण्याचा नाला तसाच वाहू दिला तर काढणी कधी संपायची नाही.

प्रश्न : पाण्यावरची हिरवी साय विषारी आहे हे घरी ओळखता येईल का?

उत्तर : अंदाज येतो, खात्री होत नाही. हातमोजे घालून काचेची बरणी तीनचतुर्थांश भरा, झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये न हलवता ठेवा. खाण्याच्या वस्तूंपासून दूर. सकाळी हिरवा थर तळाशी बसला असेल तर बहुधा साधं शेवाळ. तो वर तरंगत असेल तर निळ्या-हिरव्या जिवाणूंची शंका घ्या, कारण त्यांच्या पेशींत हवेच्या पोकळ्या असतात. दुसरी खूण : सायीतून काडी फिरवून उचला. काडीला लोंबणारे तंतू असतील तर साधं शेवाळ. काडी रंगात बुडवल्यासारखी माखली तर सावध व्हा. शंका असेल तोवर गुरं आणि कुत्री पाण्यापासून दूर ठेवा. पाणी उकळून विष जात नाही. साय मारायला मोरचूद टाकला तर पेशी फुटून विष उलट पाण्यात मिसळतं. विष नेमकं आहे की नाही, हे प्रयोगशाळाच सांगेल.