एफडी मोडू नका, तारण ठेवा. राणीचा विमा मात्र सध्या नको

साताऱ्याहून एका शिक्षिका ताईंचं पत्र आलं आहे. खासगी शाळेतली नोकरी, हातात येणारा पगार ३८,००० रुपये. घरी आई, सहा वर्षांची लॅब्रेडॉर राणी आणि दोन वर्षांचा बोका मन्या. ऑगस्टमध्ये राणीच्या गर्भाशयात पू झाला, रात्रीच ऑपरेशन करावं लागलं आणि ४६,००० रुपये क्रेडिट कार्डावर गेले. गेले चार महिने ताई बिलावरची 'किमान रक्कम' भरतायत. भरून झाले ९,४०० रुपये, तरी बाकी अजून ४४,०००. बँकेत १,२०,००० रुपयांची एफडी आहे, ७ टक्क्यांची, सात महिन्यांनी मुदत संपते. घरखर्च भागून महिन्याला आठेक हजार उरतात. त्या विचारतात: एफडी मोडून कार्ड फेडू का? ओळखीचा एजंट राणीसाठी वर्षाला ८,५०० रुपये हप्त्याचा विमा सुचवतोय, तो घेऊ का? आणि शेवटी एक ओळ: 'नातेवाईक म्हणतात, कुत्र्यावर एवढा पैसा घालतात का? माझं चुकलं का?'

ताई, शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देतो. तुमचं चुकलं नाही. गर्भाशयातला पू काढला नाही तर त्याचं विष रक्तात पसरतं आणि कुत्री हाताची जाते. त्या रात्री ऑपरेशनला 'हो' म्हणालात ते योग्यच केलंत. पैसे जिथून उचललेत ती जागा मात्र चुकीची होती, आणि ते अजून दुरुस्त करता येतं.

कार्डाचं गणित बघा. तुमच्या बिलावर व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के लिहिलाय आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ४४,००० वर दर महिन्याला सुमारे १,८०० रुपये नुसते व्याजात जातात. तुम्ही भरलेल्या ९,४०० पैकी जेमतेम २,००० मुद्दलातून कमी झाले, बाकीचे ७,४०० गेलेच. आणि एफडीतले तेवढेच ४४,००० तुम्हाला महिन्याला काय देतात? अडीचशे रुपयांच्या आसपास. अडीचशे मिळवायचे म्हणून अठराशे द्यायचे, हे एक महिनाही चालू ठेवू नका.

पण म्हणून एफडी मोडायचीही गरज नाही. मुदतीआधी मोडलीत तर बँक जितके महिने झाले त्या मुदतीचा दर लावते आणि वर साधारण अर्धा ते एक टक्का दंड कापते. त्यापेक्षा ठेवतारण कर्ज घ्या, काही बँका त्याला एफडीवर ओव्हरड्राफ्ट म्हणतात. ठेवीच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते आणि व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, म्हणजे तुमच्या बाबतीत साडेआठ धरू. ४४,००० उचला, त्याच दिवशी कार्ड पूर्ण भरा. मग महिन्याला ६,५०० रुपये कर्जात भरत राहिलात की सात महिन्यांत ते फिटतं, एकूण व्याज साडेबाराशेच्या आसपास जातं, आणि जपून ठेवलेली एफडी जशीच्या तशी मुदतीला हातात येते. (तुमची ठेव साधी आहे म्हणून हे जमतंय. पाच वर्षांची करबचतीची एफडी असती तर ना मोडता आली असती, ना तारण ठेवता.) कार्ड भरल्यावर पुढच्या बिलात थोडं राहिलेलं व्याज येईल, ते भरून टाका आणि बाकी शून्य दिसेपर्यंत कार्ड कुठेही स्वाइप करू नका. आधीची बाकी असताना केलेल्या नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

आता तुम्ही पाठवलेल्या दवाखान्याच्या बिलाबद्दल. मी ते नीट वाचलं. सोनोग्राफी १,५००, रक्ततपासण्या २,२००, ऑपरेशन आणि भूल २२,०००, चार दिवस दाखल ठेवून सलाइन १२,०००, औषधं ६,८००, रात्रीची फी १,५००. यात मला कुठे लूट दिसली नाही. पण पत्रात तुम्ही ओघात लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी नसबंदीचे ९,००० सांगितले होते आणि 'मुक्या जिवाला कशाला' म्हणून घरात ते राहून गेलं. ऑपरेशन तेच असतं हो: गर्भाशय आणि अंडाशय काढणं. फरक इतकाच की तेव्हा धडधाकट कुत्रीवर, दिवसाउजेडी, ठरवून झालं असतं, आणि आता तापाने फणफणलेल्या, पाण्याच्या वाटीवरून न उठणाऱ्या कुत्रीवर रात्री करावं लागलं. तुम्हाला टोचावं म्हणून हे लिहीत नाही. हे वाचणाऱ्या ज्यांच्या घरी नसबंदी न झालेली कुत्री आहे त्यांनी लक्षात ठेवावं म्हणून लिहितोय: हीट (माज) येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत ती सारखी पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं, सुस्त पडली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. खालून स्राव दिसतोच असं नाही. तोंड बंद असलेल्या गर्भाशयात पू साठतो तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही आणि तेच जास्त धोक्याचं.

विम्याकडे येतो. मी विम्याच्या विरोधात नाही. वर्षाभराचं पिल्लू असतं, फाइल कोरी असती, तर मी तुम्हाला दोन-तीन पॉलिसी मागवून तुलना करायला सांगितलं असतं. राणीचं तसं नाही. पाळीव प्राण्यांच्या विम्यात आधीपासूनचा आजार सहसा धरत नाहीत, आणि राणीच्या फाइलमध्ये कानाचा संसर्ग दोन वर्षांपासून पाच वेळा नोंदलाय. लॅब्रेडॉरचे पडके कान, आत ओल राहते, तो त्रास पुन्हा होणार, आणि नेमका तोच दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी. खुब्याचा सांधा या जातीत अनुवंशिक दुखणं म्हणून ओळखला जातो, त्यावर अनेक पॉलिसींत बंधन असतं. लस, गोचिडाचं औषध, दातांची सफाई, नसबंदी हा नेहमीचा खर्च विम्यात बसत नाही. गर्भाशय तर निघालंच, तो धोका संपला. मग ८,५०० मध्ये तुमच्या हाती उरतं काय? अपघात, एखादं मोठं ऑपरेशन, ते ही प्रतीक्षा काळ (पॉलिसी घेतल्यानंतरचे दावा न करता येणारे सुरुवातीचे दिवस) संपल्यावर. मला हा सौदा तुमच्यासाठी पटत नाही. एजंट पुन्हा आला तर त्याला कानाबद्दल आणि खुब्याबद्दल लेखी उत्तर मागा. आणि त्याने 'आरोग्य विम्याची आयकर सूट मिळते' असं सांगितलं असेल तर ते चूक आहे. ती सूट स्वतः, जोडीदार, मुलं आणि आईवडील यांच्यापुरतीच आहे.

ते ८,५०० मी कुठे घालीन ते सांगतो. आधी मन्या. त्याची नसबंदी झालेली नाही, लशी राहिल्यात, रात्रभर बाहेर असतो. मारामारीच्या जखमा, त्यात होणारा पू, हे बोक्यांचं नेहमीचं दुखणं. नसबंदी झाली की भटकणं बऱ्यापैकी कमी होतं. शिवाय रेबीजची आणि पॅनल्यूकोपेनियाची (मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) लस. तुमच्या जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी तिथे आधी चौकशी करा. रेबीजच्या लशीसाठी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातही विचारा. घाईच्या रात्री माणूस मिळेल तिथे जातो, ठरवलेल्या कामासाठी मात्र थोडं लांब जायला हरकत नसते. एक गोष्ट मन्याबद्दल आत्ताच लक्षात ठेवा: तो वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन नुसता बसतोय, जोर करतोय, थेंबही पडत नाही, असं दिसलं तर ते बद्धकोष्ठ नाही असंच धरून चाला. बोक्यांची लघवी अडते आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. आणि घरातली पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका, तिने मांजर मरतं.

राणीच्या बाबतीत दोन खर्च चुकवू नका. पहिला गोचिडाचं औषध, बारा महिने. पावसाळ्यात पैसे वाचवायला तुम्ही ते बंद केलं होतं असं लिहिलंय. आमच्या मोतीचं सांगतो. आषाढात तो कोपऱ्यात बसून राहिला, आम्ही चार दिवस 'हवा बदलली' म्हणत घालवले. मग एका सकाळी पांढऱ्या फरशीवर त्याच्या नाकातून रक्ताचे थेंब पडले. गोचीड ताप होता, प्लेटलेट खाली गेल्या होत्या. औषध साधं, डॉक्सीसायक्लिन, २८ दिवस. पैसे गेले ते त्या चार दिवसांच्या उशिरापायी, सलाइन आणि रोजच्या तपासण्यांत. बोटांच्या बेचक्यात, कानाच्या आत, पट्ट्याखाली रोज हात फिरवा. कुत्र्याचं गोचिडाचं औषध मन्याला मात्र लावू नका, त्यातली काही मांजरांना विषारी असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वजन, आणि यात खर्च वाचतोच. राणी ३८ किलोची आहे, डॉक्टरांनी ३० सांगितलंय. तिच्या बहुतेक औषधांचा डोस किलोवर ठरतो, गोचिडाची गोळीसुद्धा वजनाच्या टप्प्यानुसार घ्यावी लागते. आठ किलो जास्त म्हणजे सांध्यांवर रोजचा भार आणि मेडिकलच्या बिलावर कायमचा. आई चहाबरोबर तिला बिस्किटं देतात, ती थांबवायची विनंती मीही त्यांना करतो.

सात महिन्यांनी कर्ज संपलं की मोकळ्या झालेल्या ६,५०० पैकी ३,००० ची रिकरिंग सुरू करा, पंधरा महिन्यांची. ४५,००० आणि व्याज जमेल, जवळजवळ ऑगस्टच्या बिलाएवढं. हे खातं वेगळं ठेवा, त्याला हात फक्त राणी-मन्यासाठी. तोवर मध्ये काही उद्भवलंच तर मुदत संपेपर्यंत त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्टची उरलेली मर्यादा आहे आणि त्यानंतर एफडीचे पैसे आहेत, कार्ड नाही.

आणि एक बोलणं आईंसोबत आत्ताच करून घ्या, राणी ठणठणीत असताना. लॅब्रेडॉर साधारण दहा-बारा वर्षं जगतात. उद्या ती अकराची असताना गाठ निघाली, डॉक्टरांनी मोठी रक्कम सांगितली, तर कुठपर्यंत जायचं? तिला त्रास किती आणि त्यातून दिवस किती मिळणार, हे डॉक्टरांना विचारायचं की नाही? हे दवाखान्याच्या बाकावर रात्री दोन वाजता ठरवता येत नाही. दोघींनी मिळून ठरवलंत की नातेवाइकांच्या प्रश्नाला उत्तर द्यायची गरज उरणार नाही.

सोमवारी बँकेत जाताना एफडीची मूळ पावती, पॅन आणि आधार न्या. ठेव आईंबरोबर संयुक्त असेल तर त्यांचीही सही लागेल, तेव्हा त्यांना सोबतच घेऊन जा. मन्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की कळवा.