वेट एअर ऑक्सिडेशनला हात घालण्याआधी
सगळं सांडपाणी ईटीपीच्या (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) एकाच टाकीत जाऊ देऊ नकोस. मदर लिकर (स्फटिक काढून घेतल्यावर उरलेलं द्रावण) वेगळं, धुण्याचं पाणी वेगळं. वेट एअर ऑक्सिडेशन, म्हणजे पाण्यातला सेंद्रिय मळ जास्त उष्णतेत आणि दाबाखाली हवेने जाळण्याची पद्धत, घट्ट (मळ जास्त असलेल्या) पाण्यासाठीच आहे. सीओडी (मळ जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनवरून काढलेलं मळाचं माप) साधारण २०,००० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर असेल, तर ऑक्सिडेशनमधून निघणारी उष्णताच आत येणारं पाणी तापवते. पातळ पाणी घातलंस तर नुसतं इंधन जाईल.

दाबाला हलकं समजू नकोस. २५० अंश सेल्सियसला नुसत्या वाफेचाच दाब ४० बारच्या आसपास जातो, हवेचा त्यावर वेगळा.

क्लोराइड मात्र न चुकता तपास. एवढ्या उष्णतेत ते एसएस ३१६ ला (स्टेनलेस स्टीलच्या एका प्रकाराला) बारीक चिरा पाडतं, आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. पाणी खारट असेल तर टायटॅनियमचा खर्च मागायला अजिबात कचरू नकोस, माणसं त्या व्हेसलशेजारी (ही प्रक्रिया चालते त्या दाबाच्या टाकीशेजारी) उभी असतात. कॅल्शियम सल्फेटही बघ: पाणी तापलं की ते कमी विरघळतं, त्यामुळे हीट एक्स्चेंजरच्या (आत येणारं पाणी तापवणाऱ्या यंत्राच्या) गरम टोकाला खपली धरते. तिथला प्रेशर ड्रॉप (आत जातानाच्या आणि बाहेर पडतानाच्या दाबातला फरक) चढू लागला की सफाईची वेळ झाली.

बाहेर आलेलं पाणी नितळ दिसलं तरी त्यात ॲसेटिक ॲसिड आणि अमोनिया उरतातच. ते थेट सोडू नकोस, एरेशन टँककडे (हवा सोडून जिवाणूंकरवी पाणी साफ करणाऱ्या टाकीकडे) वळव. ॲसेटिक ॲसिड तिथल्या जिवाणूंना सहज पचतं.